इंजिन नवीन बांधलंय, पहिलं ऑइल कोणतं टाकायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन पूर्ण खोलून बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, कॅम सगळं काम झालं, सगळं परत बसवलं आणि आता ऑइल ओतायची वेळ आली की तिथेच घोडं अडतं, कारण जो तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो सगळ्यात भारी सिंथेटिक टाक, दुसरा म्हणतो डिझेलवालं टाक, तिसरा म्हणतो काहीही टाक फक्त हळू चालव. सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली एकत्र दिलीत. मुख्यतः कारचं पेट्रोल इंजिन धरून लिहिलंय, डिझेलला जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय. आणि हो, इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा कॅमच्या, रिंगांच्या डब्यातल्या कागदावर काही वेगळं लिहिलेलं असेल तर त्या कागदाचं ऐका, इथलं सोडून द्या.

ब्रेक-इन म्हणजे आत नक्की काय होतं? पार्ट तर सगळे नवेच आहेत ना?

नवे आहेत म्हणूनच. नव्या इंजिनातले काही पार्ट सुरुवातीला चालताना एकमेकांशी घासून जुळतात, त्यालाच ब्रेक-इन म्हणतात. बोअरला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलेंडरला) होनिंग केलं, म्हणजे आतून दगडाने घासलं, की भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा उठतात, त्याला क्रॉसहॅच म्हणतात. हात फिरवला तर पॉलिश पेपरच्या बारीक नंबरसारखं लागतं. त्या रेघांची वरची टोकं पिस्टनच्या रिंगने घासून सपाट व्हायला हवीत आणि खालच्या खाचा तशाच राहायला हव्यात, कारण त्या खाचांमध्येच पुढे आयुष्यभर ऑइल धरून राहतं. त्याच वेळी रिंगची कडाही बोअरच्या आकाराशी जुळते. हे झालं की रिंग बसली. नाही झालं की गाडी ऑइल पिते, धूर मारते आणि कॉम्प्रेशनही मार खातं.

पण सगळ्याच पार्टचं असं नसतं. मेन आणि बिगएन्ड बेअरिंगला (क्रँकला आधार देणारी आणि कनेक्टिंग रॉडला क्रँकशी जोडणारी) घासून बसायचं नसतंच, क्रँक फिरायला लागला की तो ऑइलच्या थरावर तरंगतो आणि धातूला धातू लागायलाच नको. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारा पार्ट) हा तिसरा प्रकार, तिथे दाब इतका असतो की पहिल्या काही मिनिटांत संरक्षण मिळालं नाही तर कॅमचा लोब, म्हणजे त्यावरचा उंचवटा, कायमचा जातो. म्हणजे एकाच ऑइलकडून आपण दोन उलटी कामं मागतोय, रिंगांना थोडं घासू दे आणि कॅमला अजिबात घासू देऊ नको. ब्रेक-इन ऑइल कसं असावं हा सगळा वाद याच ओढाताणीतून येतो, हे एकदा लक्षात आलं की पुढची उत्तरं सोपी जातात.

मग ब्रेक-इन ऑइलमध्ये वेगळं काय असतं?

बेस बहुतेक वेळा मिनरल असतो. झिंक आणि फॉस्फरसचं अॅडिटिव्ह, ज्याला झेडडीडीपी म्हणतात, ते नेहमीच्या ऑइलपेक्षा जास्त असतं. डिटर्जंट कमी असतात आणि फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे निसरडेपणा वाढवणारे घटक, शक्यतो नसतात.

झेडडीडीपी कसं काम करतं ते समजून घ्या. ऑइल नुसतं ओतलं म्हणून थर बनत नाही, जिथे दाब आणि उष्णता एकत्र येतात तिथेच ते तुटतं आणि लोखंडावर फॉस्फेटचा एक कडक पातळ थर तयार होतो. तो थर झिजतो, परत बनतो, आणि लोखंडाऐवजी तोच खर्ची पडतो. आता डिटर्जंटलाही त्याच पृष्ठभागावर जागा हवी असते, त्यामुळे डिटर्जंट जास्त असेल तर झिंकला जागा कमी मिळते. रोजच्या ऑइलमध्ये डिटर्जंट हवेच, कारण ते महिनोनमहिने चालवायचं असतं आणि काजळी, आम्ल सगळं सांभाळायचं असतं. ब्रेक-इन ऑइल थोड्याच वेळात काढून टाकायचं असतं, म्हणून तिथे ही काटछाट परवडते.

ऑइल ठरवताना सगळ्यात आधी काय बघू?

कॅम बघा. लोक आधी ब्रँड विचारतात, पण आधी विचारायला हवं की तुमच्या इंजिनात टॅपेट कोणता आहे.

जुन्या पुशरॉडवाल्या (कॅम खाली आणि त्याचा धक्का दांडीने वर जातो अशा) इंजिनांत फ्लॅट टॅपेट असतो. नाव फ्लॅट असलं तरी त्याचा तळ साधारणपणे अगदी किंचित फुगीर असतो आणि कॅमचा लोबही किंचित उतरता घासलेला असतो, त्यामुळे इंजिन चालताना टॅपेट आपल्या भोकात गोल फिरत राहतो आणि झीज एकाच जागी होत नाही. तो फिरायचा थांबला की खेळ संपला, लोब काही मिनिटांत गोल होतो आणि त्याचा चुरा ऑइलमधून सगळीकडे जातो. असा कॅम नवीन टाकला असेल तर झिंक जास्त असलेलं खास ब्रेक-इन ऑइलच घ्या, इथे काटकसर नको. आणि जुना टॅपेट नव्या कॅमवर कधीच बसवू नका, मग ऑइल कितीही चांगलं असो.

रोलर टॅपेट किंवा कॅमवरच रोलर फिरतो असा रॉकर असेल तर कॅमची चिंता खूपच कमी. तिथे मुद्दा उरतो फक्त रिंगांचा आणि साधं चांगल्या कंपनीचं मिनरल ऑइलही भागवून नेतं.

ओव्हरहेड कॅम (कॅम वर हेडमध्येच) आणि बकेट (वाटीसारख्या) टॅपेटवाली इंजिनं मधे कुठेतरी येतात. बकेटवर लोब घसरतोच, पण पुशरॉडचं वजन नसल्याने स्प्रिंग तुलनेने हलके असतात. अशा इंजिनात मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं (ऑइल किती जाड-पातळ ते सांगणारा आकडा) मिनरल किंवा ब्रेक-इन ऑइल आणि लोबवर व्यवस्थित असेम्ब्ली लूब (इंजिन जोडताना हाताने लावायचं वंगण), एवढं पुरतं.

डब्यावरचे एपीआयचे शिक्के बघून झिंक कळतं का?

थोडंफार कळतं. एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था. डब्याच्या मागे एक गोल शिक्का असतो. वरच्या भागात एसएल, एसएन, एसपी असा पेट्रोल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो, मधल्या गोलात ग्रेड आणि काही डब्यांवर खालच्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असे शब्द. खाली ते शब्द दिसले की समजायचं हे ऑइल इंधन वाचवण्यासाठी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) जपण्यासाठी बनवलंय, म्हणजे फॉस्फरस मर्यादित. नव्या फ्लॅट टॅपेट कॅमसाठी ते बाजूला ठेवा.

थोडा इतिहास सांगतो कारण त्याचा थेट संबंध आहे. २००१ च्या एसएलच्या काळात पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस १००० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाखात किती भाग) चालत होता. २००४ ला एसएम आलं आणि ही मर्यादा ८०० पीपीएमवर आली, खाली किमान ६०० ठेवली. २०१० चं एसएन आणि २०२० चं एसपी, दोन्हीत पातळ ग्रेडला तेच ६०० ते ८०० राहिलं. बऱ्याच नव्या इंजिनांत रोलर आले असल्याने त्यांना याचा काही त्रास नाही, फ्लॅट टॅपेटवाल्या जुन्या इंजिनांना झाला. १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० अशा जाड ग्रेडला एसएम आणि एसएनमध्ये ही वरची मर्यादा लागू नव्हती, म्हणून त्यांत झिंक जास्त असू शकतं, असेलच असं मात्र नाही.

खरं उत्तर हवं असेल तर त्या ऑइलचं टेक्निकल डेटा शीट उघडा. काही कंपन्या आकडा टक्क्यांत देतात तर काही पीपीएममध्ये, ०.१२ टक्के म्हणजे १२०० पीपीएम एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. ज्या ऑइलचा आकडाच कुठे दिलेला नाही ते मी तरी नव्या फ्लॅट टॅपेट कॅमवर टाकणार नाही.

फुल सिंथेटिक टाकलं तर रिंगा बसतच नाहीत म्हणतात, खरं का?

अर्धवट खरं. कारखान्यातून सिंथेटिक भरूनच बाहेर पडणाऱ्या गाड्या खूप आहेत, शेव्हरले कॉर्व्हेट तर १९९२ पासून तशीच येते, आणि त्यांच्या रिंगा व्यवस्थित बसतात. त्यामुळे 'सिंथेटिकमध्ये रिंग बसतच नाही' हे विधान टिकत नाही.

पण कारखान्यातलं होनिंग आणि वर्कशॉपमधलं होनिंग यांत फरक असतो. कारखान्यात बऱ्याचदा प्लॅटो होनिंग होतं, म्हणजे रेघांची टोकं आधीच कापलेली असतात आणि रिंगला करायला काम फार थोडं उरतं. आपल्याकडच्या बोअरवर ते काम बाकी असेल तर मिनरल ऑइल जास्त वाव देतं. शिवाय रिंग कोणती यावरही आहे, साधी कास्ट आयर्नची रिंग पटकन बसते, मॉलीची (मॉलिब्डेनमचा लेप असलेली) पण बऱ्यापैकी लवकर, क्रोमची मात्र कडक असल्याने वेळ घेते आणि तिला होनिंगही थोडं खरबरीत लागतं.

आणि मुख्य म्हणजे पहिलं ऑइल धातूचा बारीक चुरा घेऊन लगेच बाहेर काढायचं असतं. महागाचं सिंथेटिक त्यासाठी कशाला? ते पैसे चांगल्या फिल्टरवर घाला.

ब्रेक-इन ऑइल मिळत नाहीये, डिझेलचं १५डब्ल्यू-४० चालेल का?

अडीअडचणीला चालेल, आणि खूप लोक वर्षानुवर्षं हेच करत आलेत. कारण असं की डिझेल ऑइलमध्ये झिंक पूर्वीपासून जास्त असायचं. डिझेल ऑइलच्या एपीआय दर्जांपैकी २००२ च्या सीआय-४ ला फॉस्फरसची वरची मर्यादा नव्हती, २००६ च्या सीजे-४ ला १२०० पीपीएमची मर्यादा आली आणि २०१६ च्या सीके-४ लाही तीच आहे. म्हणजे अजूनही पातळ पेट्रोल ऑइलपेक्षा जास्त.

अडचण एकच, डिझेल ऑइलमध्ये काजळी सांभाळायला डिटर्जंट आणि डिस्पर्संट भरपूर असतात आणि वर सांगितल्याप्रमाणे ते झिंकच्या आड येतात. म्हणून नुसता झिंकचा आकडा बघून 'बरोबरीचं आहे' असं समजू नका. रोलर कॅम किंवा ओव्हरहेड कॅम असेल तर खुशाल टाका. जोरदार स्प्रिंगचा फ्लॅट टॅपेट असेल तर थांबा, ब्रेक-इन ऑइल मागवा, दोन-चार दिवस उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

डिझेल इंजिनच बांधलं असेल तर हेच ऑइल योग्य आहे, फक्त डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच वापरा. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते पण ऑइलच्या अॅडिटिव्हची राख जळत नाही, ती तिथेच साठते.

ग्रेड कोणता? जाड टाकू की पातळ?

बेअरिंगच्या गॅपवर ठरतं. जुना ढोबळ नियम असा की क्रँकच्या जर्नलचा (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचा) व्यास जितके इंच, तितके हजारांश इंच गॅप, म्हणजे २ इंची जर्नलला ०.००२ इंच, साधारण ०.०५ मिलिमीटर. बांधताना प्लास्टिगेजने (दाबली गेली की गॅप दाखवणारी मऊ तार) किंवा मायक्रोमीटरने मोजलं असेल आणि गॅप कंपनीच्या मापात असेल तर कंपनीने सांगितलेलाच ग्रेड घ्यायचा. बऱ्याच जुन्या इंजिनांना १०डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० बसतं. गॅप मुद्दाम मोठा ठेवला असेल तर २०डब्ल्यू-५०.

'नवीन इंजिन आहे, जाड ऑइल टाका म्हणजे सेफ' असं सांगणारे भेटतात, ते ऐकू नका. घट्ट गॅपला जाड ऑइल दिलं की थंड इंजिनात ते वरपर्यंत उशिरा पोचतं, आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगवाल्या इंजिनात तर ऑइलच्या दाबावर फेझर (कॅमची वेळ पुढे-मागे करणारे पार्ट) चालतात, तिथे वेगळीच कटकट सुरू होते. गरम इंजिनात दर १००० आरपीएमला १० पीएसआय दाब मिळतोय का, एवढा ढोबळ अंदाज घ्या.

साध्या ऑइलमध्ये झिंकची बाटली ओतली तर?

करता येतं पण मला ते आवडत नाही. मूळ ऑइलमध्ये किती आहे ते माहीत नसतं, बाटलीतलं किती मिसळलं ते मोजता येत नाही, आणि जास्त झिंक म्हणजे जास्त संरक्षण असं सरळ गणित नाही. तयार ब्रेक-इन ऑइलमध्ये तर बाटली मुळीच नको, ते आधीच जुळवून बनवलेलं असतं. घर्षण कमी करतो, मायलेज वाढवतो अशा जाहिरातीचं काहीही पहिल्या ऑइलमध्ये घालू नका, त्याने रिंगांचंच काम बिघडतं.

डिटर्जंट कमी हवं म्हणता, मग एकदम नॉन-डिटर्जंट ऑइल घेऊ का?

नको. एसए लिहिलेल्या ऑइलमध्ये अॅडिटिव्हच नसतात आणि ते १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना योग्य नाही असं एपीआय स्वतःच सांगतं. कमी डिटर्जंट वेगळं आणि काहीच नसणं वेगळं.

असेम्ब्ली लूब लावलंय, मग ऑइल कोणतंही चालेल ना?

दोन्हीची कामं वेगळी आहेत. असेम्ब्ली लूब पहिल्या काही सेकंदांसाठी असतं, ऑइल पोचेपर्यंत. बेअरिंगला ते लावा, फ्लॅट टॅपेट असेल तर लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलीची घट्ट पेस्ट लावा. पण ती पेस्ट रिंगांना आणि बोअरला लावू नका, तिथे फक्त इंजिन ऑइलचा हलका हात पुरे.

इथे बोअर धुण्याबद्दल थांबून सांगायलाच हवं, कारण ऑइलवर तासन्‌तास चर्चा करणारे लोक नेमके इथे घाई करतात. होनिंगच्या दगडाची बारीक भुकटी त्या खाचांमध्ये अडकून बसते. ती पेट्रोलने, रॉकेलने किंवा थिनरने निघत नाही, उलट आणखी आत बसते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश, असं घासून घासून धुवायचं, लगेच हवेने वाळवायचं आणि गंज धरायच्या आत ऑइल लावायचं. मग पांढऱ्या स्वच्छ फडक्याला थोडं ऑइल लावून बोअर पुसा. फडक्यावर राखाडी डाग आला तर परत धुवा. फडकं पांढरं निघेपर्यंत हे करायचं. ती भुकटी आत राहिली तर रिंगा, बोअर आणि बेअरिंग तिघांनाही खाते, तिच्यापुढे कुठलंच ऑइल चालत नाही.

पहिला स्टार्ट कसा द्यायचा?

आधी ऑइलचं प्रेशर, मग स्टार्ट. पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चालत असेल तर ड्रिल मशीन लावून तो फिरवा आणि वर रॉकरपर्यंत ऑइल आलेलं डोळ्यांनी बघा. पंप क्रँकवरच असेल तर स्पार्क प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा आणि गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टरने थोडं थोडं फिरवा. फ्लॅट टॅपेटवाल्याने मात्र स्टार्टरवर जास्त फिरवू नये, लोबवरची पेस्ट पुसली जाते. कूलंट भरून हवा काढलेली असावी, टायमिंग जवळपास बरोबर असावं, इंधन आलेलं असावं, म्हणजे एका झटक्यात चालू व्हायला हवं.

फ्लॅट टॅपेट असेल तर चालू झाल्या झाल्या २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि २० ते ३० मिनिटं तिथेच थोडं वर-खाली करत ठेवा, आयडलवर आणूच नका. कारण टॅपेटच्या तळाला ऑइल मुख्यतः क्रँकवरून उडून मिळतं आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. पुशरॉड दिसत असतील तर ते फिरतायत ना बघा, एखादा स्थिर दिसला तर लगेच बंद करून कारण शोधा. गळती दिसली किंवा तापमान चढलं तर बंद करा, दुरुस्त करा आणि उरलेली मिनिटं पूर्ण करा.

रोलर किंवा ओव्हरहेड कॅमला या अर्ध्या तासाची गरज नाही. दाब बघा, गळती बघा, गरम होऊ द्या आणि गाडी रस्त्यावर काढा.

नवीन इंजिन आहे म्हणून हळूहळू चालवलेलं बरं ना?

नाही, आणि चांगली बांधलेली इंजिनंही याच समजुतीने वाया जातात. रिंगची स्वतःची स्प्रिंग फारच थोडी असते. तिला बोअरवर खरा दाब मिळतो तो जळलेल्या गॅसचा, जो पिस्टनच्या खाचेत रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. आयडलला आणि हलक्या पायाने चालवताना तो दाब कमी असतो, मग रिंग टोकं कापत नाही, ऑइल बोअरवर भाजून वार्निशसारखा थर बसतो आणि खाचा बुजतात. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ग्लेझ झालं की इंजिन परत खोलून होनिंग करण्यावाचून सहसा गत्यंतर नसतं.

म्हणून इंजिन पूर्ण गरम झालं की मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ५० वरून ८०-९० पर्यंत अर्ध्याहून जास्त अॅक्सिलरेटर देऊन खेचा, मग पाय पूर्ण काढून त्याच गिअरमध्ये परत ५० पर्यंत येऊ द्या. असं दहा-बारा वेळा करा. पाय काढल्यावर सिलेंडरमध्ये जी ओढ तयार होते तिने ऑइल रिंगांपर्यंत वर येतं आणि घासलेला चुरा धुऊन नेतं, म्हणून तो दुसरा अर्धा भागही तितकाच महत्त्वाचा. पुढचे ५०० ते ८०० किलोमीटर एकाच स्पीडला फार वेळ चालवू नका, आरपीएम बदलत ठेवा, रेडलाइनला नेऊ नका, आणि कमी आरपीएमवर मोठा गिअर टाकून इंजिनला गुदमरवू नका.

पहिलं ऑइल कधी बदलायचं?

फ्लॅट टॅपेटचा अर्धा तास झाला की लगेच, फिल्टरसकट. बाकी इंजिनांना पहिल्या ८०-१०० किलोमीटरला. दुसरं ५०० ते ८०० किलोमीटरला, तेही ब्रेक-इन किंवा मिनरलच. मग ऑइलची लेव्हल स्थिर राहत असेल तर नेहमीच्या ऑइलवर जा, सिंथेटिकवर जायचं असेल तर दोनेक हजार किलोमीटर होऊ द्या, क्रोम रिंगांना अजून थोडं.

काढलेला फिल्टर फेकू नका, कापा. करवतीने नको, करवतीचा चुरा आत पडतो आणि काहीच कळत नाही, फिल्टर कटर वापरा. आतला कागद कापून बाहेर काढा, फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये दाबून ऑइल पिळा आणि पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात बघा. राखाडी बारीक लेप आणि चुंबकाला चिकटणारी धूळ पहिल्या फिल्टरमध्ये असणारच, तो रिंगांचा आणि बोअरचा चुरा. काळपट चिकट घाण बहुधा असेम्ब्ली लूबची. रबरासारखे तुकडे दिसले तर सिलिकॉनचं गॅस्केट जास्त लावलंय, ते पिकअपच्या (ऑइल पंप तळातून ऑइल ओढतो त्या नळीच्या) जाळीतही असू शकतं. चुंबकाला न चिकटणारे, नखावर घेता येतील असे चकचकीत पापुद्रे, विशेषतः तांब्याच्या रंगाचे, दिसले तर गाडी चालवणं थांबवा आणि बेअरिंग उघडून बघा.

ऑइल पिते आहे आणि निळा धूर येतोय. रिंगा बसल्या नाहीत का?

पहिल्या काही शे किलोमीटरला थोडं ऑइल कमी होणं चालतं. प्रत्येक वेळी गाडी काढायच्या आधी डिपस्टिक बघा आणि लिहून ठेवा, किती किलोमीटरला किती कमी झालं ते. आकडा कमी कमी होत असेल तर रिंगा बसतायत. तोच राहिला किंवा वाढला तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलेंडरमधून हवा किती गळते ते बघणारी) करा. गाडी उभी राहून सकाळी स्टार्ट केल्यावर एकच भपका येत असेल तर रिंगांना दोष देऊ नका, ती बहुतेक व्हॉल्व्ह सीलची गोष्ट असते.

टर्बो आहे, डायरेक्ट इंजेक्शन आहे. काही वेगळं?

आहे. टर्बोच्या ऑइल लाइनमध्ये आधी ऑइल भरा, कोरडा फिरला तर बेअरिंग लगेच जाते. सुरुवातीला बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, कमी ठेवा. आणि टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये कमी आरपीएमवर जोर दिला की इंधन वेळेआधी पेटायचा धोका असतो, त्याला एलएसपीआय म्हणतात, ज्याने पिस्टन फुटू शकतो. २०१८ चं एसएन प्लस आणि पुढे एसपी हे दर्जे त्याची टेस्ट घालून आले. ब्रेक-इन ऑइलवर तो शिक्का सहसा नसतो. अशा इंजिनाला कंपनीने सांगितलेलं ऑइलच पहिल्यापासून टाका आणि फक्त लवकर बदला, माझं मत तरी असंच आहे. टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असेल तर हे आणखी काटेकोर पाळा, चुकीच्या ऑइलने बेल्टचं रबर खराब होतं आणि त्याचे कण पिकअपची जाळी बुजवतात.

जास्त झिंकने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होईल का?

फॉस्फरस कन्व्हर्टरच्या आतल्या थरावर बसतो हे खरं, पण त्यासाठी ऑइल जळायला हवं. काही शे किलोमीटरच्या ब्रेक-इनने फारसा फरक पडत नाही. रिंगा न बसलेलं, सतत ऑइल जाळणारं इंजिन मात्र कन्व्हर्टर नक्की खराब करतं.

फक्त हेडचं काम केलंय, तरी ब्रेक-इन ऑइल लागेल का?

बोअर आणि रिंगांना हात लावला नसेल आणि कॅम जुनाच असेल तर नाही, नेहमीचंच टाका. फक्त साफसफाईचा कचरा आत पडलेला असू शकतो म्हणून ते एकदा लवकर बदला. कॅम नवीन आणि फ्लॅट टॅपेट असेल तर वरचं सगळं लागू.

बोअर अॅल्युमिनियमचा आहे, लोखंडी स्लीव्ह नाही.

मग निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) लेप आहे की अॅल्युसिल (सिलिकॉन मिसळलेलं अॅल्युमिनियम) आहे ते आधी शोधा. दोन्हींवर साधं होनिंग चालत नाही, रिंगाही त्यांच्या त्यांच्या वेगळ्या असतात. ऑइलचं नंतर बघू, आधी बोअरवर कोणी साधे दगड फिरवले नाहीत ना याची खात्री करा.

इंजिन बांधून ठेवलंय पण काही महिने सुरू करणार नाही. ऑइल आत्ताच भरू का?

नको, सुरू करायच्या आदल्या दिवशी भरा. तोपर्यंत प्लगची भोकं आणि इनटेक-एक्झॉस्ट बंद ठेवा, इंजिन प्लॅस्टिकने झाका आणि कोरड्या जागी ठेवा. अधूनमधून हाताने फिरवत बसू नका, प्रत्येक फेरीत लोबवरची पेस्ट पुसली जाते. फार दिवस गेले असतील तर फ्लॅट टॅपेटवाल्यांनी टॅपेट काढून लोबवर पेस्ट परत लावावी, मग ऑइल, मग प्रेशर, मग स्टार्ट.